अकरा झाडांची ओळ

रामहरी माळी भित्रा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर त्यानं पुढं जे केलं ते ऐकून तुम्हाला वाटेल, गडी मोठा छातीचा असणार. छातीबिती काही नव्हती. पाल चुकचुकली की हा हातातला घास खाली ठेवायचा. तहसिलीचा शिपाई लांबच्या वाटेनं चाललेला दिसला तरी हा झाडामागं लपायचा. कुणी नुसतं "काय रे रामहरी" म्हटलं, तर आधी "मी न्हाई" म्हणायचा आणि मग काय विचारलं ते ऐकायचा. गावातले लोक "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" म्हणून चिडवायचे, तर हा ब्रह्मराक्षस कुठं आहे म्हणून मागं वळून बघायचा.

पण भीती काय कुणी हौसेनं पाळत नाही. रामहरीला मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यांच्या घरात उंदीर पडले. गाव उठून रानात झोपड्या घालून राहिलं, पण प्लेगची गाठ आधीच घरात शिरली होती. आठ दिवसांत आई, बाप आणि थोरला भाऊ, तिघं गेले. पुढं लग्न झालं, कौशल्याबाईसारखी खंबीर बायको मिळाली, तर दोन लेकरं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली. एक तापानं गेलं, एक कशानं गेलं ते कळलंसुद्धा नाही. देवानं ज्याच्या हातातून इतक्या वेळा हिसकावून घेतलं, तो मूठ आवळून कापत बसला तर त्यात हसण्यासारखं काही नाही. हसणारे हसायचेच.

स्वतःची जमीन वीतभर नव्हती. दुसऱ्याच्या मळ्यात माळवं करायचं, म्हणजे वांगी, मेथी, कांदा पिकवायचा, आणि दोघांनी पोट भरायचं. अशात लिंबागणेशच्या वाटेवरच्या सुंदरराव देशमुखानं त्याला बोलावणं धाडलं. ते ऐकूनच रामहरीची पाचावर धारण बसली. सुंदररावाचा राग सगळ्या मुलखाला ठाऊक होता. चोरून बाभळ तोडली म्हणून एका माणसाला त्यानं दिवसभर गाडीच्या चाकाला बांधून ठेवलं होतं, आणि ती बाभळ वाळलेली होती म्हणे.

काम मात्र भलतंच निघालं. सुंदररावाच्या आईनं, गीताबाईंनी, डोंगराच्या पायथ्याशी संत्र्याची साठ झाडं लावली होती. त्या वारल्या आणि बारा वर्षं त्या बागेकडं कुणी फिरकलं नाही.

"झाडं आईच्या हातची हायत," सुंदरराव म्हणाला. "मला ती जिती पायजेत. जमीन घे, इहीर घे, बैलं घे, तिथंच खोपट बांध. तीन कार्तिकं बघीन. तिसऱ्या कार्तिकात फळ दिसलं तर तू जगशील तवर जमीन तुझ्याकडं. न्हाई दिसलं तर खोपट मोडायचं आन् चालू लागायचं."

"जी मालक."

"आन् एक ध्यानात ठेव. आईच्या झाडाला एक दिस तहानलेलं ठेवायचं न्हाई. ती त्यांना लेकरावानी पाणी पाजायची, मी डोळ्यांनी बघितलंय. उचल बेल-भंडार."

खंडोबाच्या देवळात रामहरीनं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची हळद तळहातावर घेतली. झाडं तहानलेली ठेवणार नाही, ठेवली तर माझा वंश बुडो, असं तो सुंदररावाच्या मागोमाग बोलला. बेल-भंडार उचलून शब्द मोडलेला माणूस त्या भागात कुणी पाहिला नव्हता. मोडून सुखात राहिलेला तर नाहीच नाही. पण गंमत बघा, आयुष्यात पहिल्यांदा रामहरीला भीती वाटली नाही. दोन्ही लेकरं मातीत गेलेली, कौशल्याबाईला पुन्हा दिवस जातील ही आशा सोडलेली. वंशच नाही तर बुडणार काय? आणि झाडाला पाणी घालायचं, त्यात मोडण्यासारखं तरी काय होतं? तो भाजीपाल्यातला माळी. मेथी एक दिवस तहानली की मान टाकते, एवढंच त्याचं शास्त्र.

बागेच्या फाटकाशी पहिल्या दिवशी तो दोन घटका नुसता उभा होता. गीताबाई अजून आत फिरतात असं लोक म्हणत. शेवटी कौशल्याबाईनं त्याच्या हातातला कोयता घेतला.

"फिरत असतील तर बरंच हाय की," ती म्हणाली. "कोणतं झाड कुठं हाय ते तरी सांगतील."

ती आत शिरली. मग बाहेर एकटं उभं राहण्याची भीती वाटून तोही शिरला.

साठातली बेचाळीस झाडं जिवंत निघाली. जिवंत म्हणजे आपली नावाला. बोराटी आणि तरवड डोक्याच्या वर माजलेली, खोडांना वाळवी, फांद्यांवर बांडगुळं. दोघांनी बोराटी मुळापासून खणली, बांडगुळं उतरवली, मेलेल्या फांद्या कापून जखमांवर शेणमाती लिंपली, खोडांना चुना दिला. विहिरीतला गाळ उपसला, फाटलेली मोट शिवून घेतली, पाट सारखे केले, झाडागणिक आळं केलं. आणि मग पाणी सुरू झालं. थंडी असो, ऊन असो, विहीर तळाला गेली तर डोक्यावरच्या घागरीनं, पण एक दिवस खाडा नाही.

झाडं अशी हिरवीगार झाली की वाटसरू थांबून बघायचे. पहिल्या कार्तिकात सुंदरराव येऊन गेला. फळ नव्हतं, पण पालवीवर हात फिरवून माघारी गेला. पुढच्या वैशाखात कौशल्याबाईला दिवस गेले. तिनं ते सांगितलं तेव्हा रामहरीला बेल-भंडार आठवला. आता वंश होता. आता बुडायला काहीतरी होतं. त्या दिवसापासून तो खंडोबाच्या देवळावरून जायचं टाळायला लागला, आणि झाडांना एकदाच्या जागी दोनदा पाणी देऊ लागला.

दुसरा कार्तिक आला. बागेत पानांचं रान माजलं होतं आणि औषधाला एक फळ नव्हतं.

"पानं खाऊ का बे?" सुंदरराव म्हणाला. "एक कार्तिक उरला."

बीडच्या बाजारात हजराबी नावाची एक म्हातारी बागवान बाई फळं विकायची. गीताबाईंच्या काळात ह्याच बागेचा माल तिच्या टोपलीत असायचा. रामहरी एक डहाळी घेऊन तिच्यापुढं जाऊन बसला. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. तिनं पानं बोटांनी चाचपली आणि हसली.

"लई पाणी पाजलंस, बाबा. सुखात लोळणारं झाड फळ कशाला धरंल? त्याला मरणाची धास्ती दाखवावी लागती. मार्गशीर्ष लागला की पाणी तोड. आळी उकर, मुळ्या उघड्या कर. पानं पिवळी पडतील, गळतील. चाळीस दिस हात बांधून बघत बसायचं. संक्रांतीला पाणी दे, मग बघ फुलांची मजा. ह्याला ताण देणं म्हणतेत."

"मधीच पाणी दिलं तर?"

"तर वरीसभर पानं मोजत बस."

"देशमुखीणबाई अशी तहानलेली ठेवायच्या झाडं?"

"तर काय! चाळीस दिस फाटकाला कुलूप. पोटच्या लेकराला आत सोडायच्या न्हाईत. झाडांची ती दशा बघून रडंल म्हणायच्या."

भीतीनं फळ धरत असतं तर रामहरीच्या अंगाला संत्री लागली असती. तो घरी आला तो ताप आल्यासारखा. मालकाला जाऊन सांगावं म्हणून दोनदा सुंदररावाच्या दारापर्यंत गेला आणि दोन्ही वेळा जोडे वाजले म्हणून माघारी पळाला. आणि सांगून तरी काय होणार होतं? शब्द मालकाला दिलेला असला तरी भंडारा खंडोबाचा होता. इकडं आड, तिकडं विहीर. पाणी तोडलं तर पोटातलं लेकरू जातं, नाही तोडलं तर लेकरू घेऊन रस्त्यावर यायचं. चार दिवस त्यानं अन्नाला हात लावला नाही. पाचव्या दिवशी कौशल्याबाईनं भाकरीचं टोपलं त्याच्यापुढं आदळलं, तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. वंशाची शपथ घेतल्याचं तिला तोवर ठाऊक नव्हतं.

तिनं चुलीतलं जळण मागं ओढलं. पोटावर हात होता.

"पयली दोन गेली," ती म्हणाली, "तवा कोणती शपथ मोडली होती आपुन?"

रामहरीनं टोपलं बाजूला सारलं.

"आन् हे तिसरं रस्त्यावर उपाशी गेलं तर त्ये कोणत्या शपथेत बसतंय? तुमी भंडारा उचललाय, तुमी फावड्याला हात लावू नका. पाणी मी तोडते."

मार्गशीर्षातल्या पहिल्या सोमवारी त्या पोटुशा बाईनं मातीचा बांध घालून पाट बंद केला आणि बेचाळीस आळी उकरून मुळ्या उन्हात उघड्या टाकल्या. रामहरी खोपटाच्या कुडाला टेकून बघत होता. शपथ हातानं मोडली नाही, ही पळवाट तिच्या डोक्यात ठीक होती. त्याच्या डोक्यात एकच होतं, की वंश आहे तो तिच्याच पोटात.

आठ दिवसांत पानांनी कडा वळवल्या. बाराव्या दिवशी पिवळेपणा आला. पंधराव्या दिवशी वारा सुटला तेव्हा एका दमात इतकी पानं खाली आली की रामहरीनं कान झाकून घेतले. फांद्या उघड्या पडल्या, मुळ्या म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या वर आल्या. त्यानं फाटकाला बोराटीच्या काटेरी फांद्या लावून टाकल्या, कुणी बघून मालकाला सांगू नये म्हणून. कुत्रं भुंकलं की त्याला सुंदररावाची घोडी वाटायची. झाडाजवळून जाताना तो खाली बघून चालायचा. तोंड दाखवायची लाज वाटायची त्याला झाडांना. आणि रोज सकाळी बायकोला विचारायचा, "पोटात हलतंय का?" ती म्हणायची, "तुमच्यापरीस जास्त."

एकोणिसाव्या दिवशी दुपारी कौशल्याबाई दळण अर्धं टाकून उठली आणि कुडाला धरून खाली बसली. आठवा महिना होता. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, हे तिकडं पोराटोरालाही ठाऊक. चतुराबाई सुईण धावत आली, आत गेली, थोड्या वेळानं बाहेर डोकावली आणि एवढंच म्हणाली, "अवघड हाय. देवाचं नाव घे."

देवाचं नाव! रामहरीला ते नाव घ्यायला तोंड नव्हतं. आतून कौशल्याबाईचं ओरडणं येत होतं, आणि ही बाई चुलीत हात भाजला तरी ओरडत नसे. रामहरी उठला. त्यानं बैलं सोडली, मोटेला जुंपली, फावड्यानं तो बांध फोडला. मोट भरून यायची, थारोळ्यात सांडायची, पाणी पाटातून धावायचं, आणि हा बैलं तशीच सोडून पुढं पळायचा, आळ्याचं दार उघडायला. "घ्या, घ्या," असं झाडांना म्हणत होता. "पिऊन घ्या. तिला सोडा." अंगावरचं धोतर चिखलानं भरलं होतं. विहिरीजवळची ओळ अकरा झाडांची होती. एक, दोन, तीन. सातव्या झाडाशी आतलं ओरडणं थांबलं, आणि ते त्याला ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. अकराव्या झाडाचं आळं भरत आलं तेव्हा खोपटातून मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. रामहरी पाण्यात मटकन खाली बसला.

"लेक हाय," चतुराबाई दारातून म्हणाली. "ओंजळीएवढी हाय, पण रडती हाय."

तो उठला आणि दुसऱ्या ओळीचं दार उघडायला निघाला. तेवढ्यात आतून कौशल्याबाईचा आवाज आला, चिंधीसारखा झालेला.

"मोट कावून वाजतीय? बंद करा म्हणावं. मी मेले न्हाई, लेक मेली न्हाई. उरलेली तशीच राहू द्या."

त्यानं मोट बंद केली. पण पुढचे एकवीस दिवस त्या माणसानं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. पोर कापसात गुंडाळलेली, कापसाच्याच वातीनं तिला दूध पाजायचं. तो उठला की आधी तिच्या नाकापुढं बोट धरायचा आणि मग बाहेर जाऊन एकतीस कोरडी झाडं बघायचा. पाणी प्यालेल्या अकरांना कोवळी पानं फुटली होती. त्याच्या मनानं हिशेब पक्का केला होता. अकरा झाडांनी पोर दिली, एकतीस झाडं ती परत मागताहेत.

दहाव्या दिवशी पोरीनं दूध घेतलं नाही. सकाळ गेली, दुपार झाली, वात ओठाला लावली तर तोंड फिरवायची. रामहरी बैलांकडं गेला आणि त्यांच्या मानेवर जू चढवलं. वळून बघतो तर कौशल्याबाई, दहा दिवसांची बाळंतीण, पोर पदराखाली घेऊन कोरड्या पाटात मांडी घालून बसलेली.

"सोडा पाणी," ती म्हणाली. "सोडायचंच हाय तर आमच्या अंगावरून सोडा."

"तुला भ्या वाटत न्हाई का गं?" तो रडायला लागला होता.

"वाटून काय करू? तुमी हाय की त्या कामाला."

त्याच्या हातातला कासरा गळून पडला. तोही पाटात तिच्याशेजारी बसला आणि दोघं तसेच उन्हात बसून राहिले. कलत्या दुपारी पोरीनं वात धरली.

संक्रांतीला पाणी सोडलं. बारा-तेरा दिवसांनी पहाटे कौशल्याबाईनं त्याला हलवून जागं केलं, तर खोपटात वास भरला होता. बाहेर एकतीस झाडं पांढऱ्या फुलांनी गच्च होती. पान शोधावं लागत होतं. विहिरीजवळच्या अकरांवर नुसती पानं, एक कळी नाही. हजराबी खोटं बोलली नव्हती.

तिसऱ्या कार्तिकात सुंदरराव आला. संत्र्यांनी वाकलेल्या फांद्यांखालून तो डोकं न वाकवता जाऊ शकत नव्हता. एक फळ तोडून त्यानं सोललं, खाल्लं. मग विहिरीजवळच्या ओळीशी येऊन थांबला.

"ही ओळ कावून रिकामी?"

इथं रामहरीला खोटं बोलता आलं असतं. कीड पडली म्हणाला असता, झाडं वांझ निघाली म्हणाला असता, मालकाला काय कळणार होतं? पण खोटं बोलायलाही थोडी छाती लागते.

"ह्या ओळीला पाणी दिलं, मालक."

"मग बाकीच्यांला?"

रामहरीनं जमिनीवर डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. हजराबीचं बोलणं, चाळीस दिवस, शपथ, पोरगी. मातीत तोंड घालून बोलत होता, त्यामुळं निम्मं ऐकूही गेलं नसेल. चाबकाची वाट बघत तो तसाच पडून राहिला.

"आई फाटकाला कुलूप घालायची," सुंदरराव म्हणाला. हातात संत्र्याची साल तशीच होती. "थंडीच्या दिसांत. मी भायेर रडत बसायचो. मला वाटायचं, माझ्यापरीस तिला झाडं प्यारी." जाताना कौशल्याबाईच्या कडेवरच्या पोरीकडं बघून त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

"केसर," कौशल्याबाई म्हणाली.

"जमीन ठेवा," तो म्हणाला, आणि चार संत्री धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन गेला.

कागद मात्र कधी झाला नाही. जमीन उसनी होती ती उसनीच राहिली, आणि रामहरी दर कार्तिकात मालकाची वाट बघत कापायचा तो कापतच राहिला. बाग मात्र नावारूपाला आली. दर मार्गशीर्षात तो एकतीस झाडांना ताण द्यायचा, आता स्वतःच्या हातानं. देवळात जाऊन खंडोबापुढं नाक घासून यायचा आणि मग फावडं उचलायचा. पण विहिरीजवळच्या अकरा झाडांचं पाणी त्यानं एक दिवस तोडलं नाही. त्या ओळीला कधी फळ आलं नाही. हिरवीगार, गर्द, निकामी ओळ. लोक हसायचे. सगळ्यांत जास्त कौशल्याबाई हसायची. "अकरा जावई पोसलेत आमच्या ह्यांनी," म्हणायची, "खात्यात पित्यात, कामाला हात लावत न्हाईत." तो ऐकून घ्यायचा आणि आळ्याची दारं उघडायचा.

केसर मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिला दोन लेकरं झाली. ती नातवंडं दुपारची त्याच ओळीच्या सावलीत खेळायची. ज्या वर्षी रामहरी गेला, त्या वर्षी दिवाळी होऊन मार्गशीर्ष लागला. देशमुखांनी जमीन परत मागितली नाही, आणि जावई धोंडीराम, कामाचा माणूस, सासऱ्याच्या मागं बाग सांभाळायला आला होता. त्यानं एकतीस आळी उकरली, मुळ्या उघड्या केल्या आणि फावडं घेऊन विहिरीजवळच्या ओळीशी आला.

"मामी," तो म्हणाला, "आता ह्या ओळीलाबी ताण देऊ. मामा होते तवर ठीक होतं."

कौशल्याबाई झाडाला टेकून बसली होती. सगळ्यांना वाटलं, ती हो म्हणणार. आयुष्यभर त्या ओळीची टिंगल केलेली बाई ती. शिवाय तिला भ्यालेलं कधी कुणी पाहिलं नव्हतं. तिनं पलीकडं खेळणाऱ्या नातवंडांकडं बघितलं, केसरकडं बघितलं, आणि जावयाच्या हातातलं फावडं मागून घेतलं.

"न्हाई," ती म्हणाली. "इतकी वर्सं भ्यायचं काम त्यांनी केलं, म्हणून मला भ्यावं लागलं न्हाई. आता घरात कुणीतरी भ्यायला पायजे."

मग तिनं धोंडीरामाला मोट हाकायला सांगितलं आणि पहिल्या झाडाच्या आळ्याचं दार स्वतः उघडलं.